जवळा बाजार ते औरंगाबाद, मुक्काम लेकीकडे

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात भागूबाईचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर गोणपाट, खाली घोंगडी आणि भागूबाईला बसायला एक जुनं गठुडं. त्या गठुड्यात काय आहे असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "चिंध्या." पण पंचक्रोशीत अशी एक पोरगी दाखवा, जिचा लग्नाचा चुडा भागूबाईने भरला नाही. पोरीचा हात हातात घेतला की ती माप सांगायची, आणि माप सांगता सांगता घरची सगळी हकीकत काढून घ्यायची. कोणती लेक कुठं दिली, सासू कशी आहे, घरात दुभतं आहे की चहाही कोराच, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अक्षराशी मात्र तिची ओळख नव्हती. सहीच्या जागी अंगठा, आणि तो अंगठाही ती तहसीलदाराच्या तोऱ्यात उठवायची.

इतर लोकांना रस्ता गावांच्या नावांनी कळतो. भागूबाईला तो लेकींच्या नावांनी कळायचा. औंढा म्हणजे तीन लेकी. जिंतूर म्हणजे मंजुळा. जालना म्हणजे आशा. औरंगाबाद म्हणजे दोन लेकी, त्यातली एक कजाग. मधली गावं ज्यांत कुणाचीच लेक नव्हती, ती तिच्या हिशेबी नव्हतीच.

या लेकींच्या जोरावरच तिने पोरांना विद्यापीठात धाडायचा उद्योग मांडला. झालं असं की अडुसष्ट साली जळबा नावाचं एक पोरगं तिच्या दुकानाशेजारी तोंड पाडून बसलं होतं. हिंगोलीच्या कॉलेजातून त्याला औरंगाबादच्या विद्यापीठात भाषणाच्या स्पर्धेला जायचं होतं. कॉलेज म्हणालं, जरूर जा, कॉलेजचं नाव काढ, खर्च तुझा तू कर.

"जायाचं भाडं एक येळ जमंल, मावशी," जळबा म्हणाला. "पर दोन रात्री राहू कुठं अन् खाऊ काय?"

"काहून? आपल्या लेकी मेल्या काय तिकडं?" भागूबाई म्हणाली.

तिने लगेच मंजुळाच्या आईला गाठलं. पोरगं जिंतूरवरून जातंय, लेकीला काही द्यायचं असेल तर दे म्हणून सांगितलं. आईने कुरडयांचा डबा दिला. तसाच आशाच्या आईने पापडांचा दिला. आता ज्याच्या हातात माहेरचा डबा आहे, त्याला कोणती लेक उपाशी निजवील? जळबा जिंतूरला जेवला, जालन्याला झोपला, औरंगाबादेत बोलला आणि दुसरा नंबर घेऊन आला. येताना त्याचं वजन वाढलं होतं.

तेव्हापासून पायंडाच पडला. कुणाला युवक महोत्सव, कुणाला वादविवाद, कुणाला नुसतंच विद्यापीठ कसं असतं ते पाहायचं. पोरगं भागूबाईकडे यायचं, भागूबाई डबे गोळा करायची आणि गुलाबसिंगच्या ट्रकवर त्याला चढवून द्यायची. गुलाबसिंग वारंगा फाट्याजवळच्या तांड्यातला. एका व्यापाऱ्याचा ट्रक तो जालन्यापर्यंत चालवायचा. जाताना बहुधा रिकामा, येताना भरलेला. पोरामागे बिडीचं एक बंडल एवढाच त्याचा दर होता. दर वेळी तो म्हणायचा, "माही गाडी हाय का धर्मशाळा?" आणि दर वेळी ताडपत्री झटकून पोराला जागा करून द्यायचा.

भागूबाईची अट एकच. परत आल्यावर पोराने सांगायचं की लेकीच्या हातात बांगड्या किती होत्या. त्यावरून तिला सगळं कळायचं. दोन्ही हात भरलेले म्हणजे बरं चाललंय. तीनच राहिल्या म्हणजे काम फार आहे. काचेच्या जाऊन नुसत्या पाटल्या दिसल्या तर माणसं श्रीमंत, पण बाजाराला सोडत नाहीत. एक पोरगं वादविवादात पहिलं येऊन ढाल घेऊन आलं. भागूबाईने ढालीकडे पाहिलंसुद्धा नाही. आशाच्या बांगड्या मोजायचं ते विसरलं होतं, म्हणून तिने त्याला भर बाजारात झाडलं. "येवढं शिकून तुला धा आकडे मोजता येईनात," असं ऐकून ते बिचारं ढाल पिशवीत घालून घरी गेलं.

पोरं निघताना भागूबाई रस्ताही सांगायची. "औरंगाबादेत शिरलं की दरवाजा लागतो. दरवाजा लागला की उजव्या हाताला वळायचं. कोणाला पुसायची गरज न्हाई." हे ती इतक्या ठसक्यात सांगायची की गावाची खात्री झाली होती, बाईने अर्धं आयुष्य औरंगाबादेत काढलं असणार. खरी गोष्ट अशी की भागूबाई औंढ्याच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. तो दरवाजा एका पोराच्या बोलण्यातून तिने उचलला होता. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ सात वर्षं कोणी उघडली नाही.

मग पंचाहत्तर साल आलं आणि पंचफुलाला पत्र आलं.

पंचफुला ही किशनरावांची थोरली. किशनराव जवळ्याचेच, चार एकरांचे धनी. पोरगी गणितात अशी की बाजारात व्यापाऱ्याने तोंड उघडायच्या आत ती बेरीज सांगायची, म्हणून व्यापारी तिला पाहिलं की चहा मागवायचे. ती बी.एस्सी. झाली. पुढं शिकायला तिने अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. बुधवारी विद्यापीठ पाहायचं आणि गुरुवारी सकाळी अकराला मुलाखत. मुलाखतीत निवड झाली तर पोरींच्या वसतिगृहात फुकट जागा. गैरहजर राहील त्याचं नाव कापलं जाईल. जागा मिळाली तरच पंचफुला शिकणार होती, कारण खोली घेऊन देण्याची किशनरावांची ऐपत नव्हती. गुरुवारी अकराला तिथं असणं, एवढंच तिच्या हातात होतं.

किशनरावांना पोरीचा अभिमानही होता आणि धास्तीही. ते बाजारात उभे राहून म्हणाले, "बाईमाणूस बराबर असंल तर धाडतो. न्हाई तर न्हाई. औरंगाबाद पाह्यलेली बाई पाहिजे पर."

सगळ्या बाजाराने भागूबाईकडे बोट केलं.

भागूबाईच्या हातातली बांगडी फुटली. पंचमी आठवड्यावर आली होती. पंचमी म्हणजे तिच्या धंद्याची दिवाळी; सासरहून लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि आधी बांगड्या भरतात. हे कारण पुढं करून तिला सुटता आलं असतं, आणि तिने तोंड उघडलंही होतं. पण पंचफुला समोर उभी होती. ते पत्र हातात घेऊन ती भागूबाईकडेच पाहत होती. भागूबाई मनात म्हणाली, मेले मी. आणि तोंडाने म्हणाली, "चलते की. मला काय, रोजचं हाय."

मंगळवारी पहाटे तिने दुकान झाकलं. बसायचं गठुडं मात्र शेजारच्या शकुंतलाबाईकडे सांभाळायला दिलं आणि दोनदा बजावलं की सोडून पाहू नको. शकुंतलाबाई म्हणाली, "चिंध्याला कोण हात लावतं?" मग कुरडयांचा डबा, पापडांचा डबा, भागूबाई आणि पंचफुला अशी चौघं ट्रकच्या मागे बसली. डब्यांना जास्त जागा मिळाली.

दहाच्या सुमारास ट्रक जिंतूरला मंजुळाच्या दारात थांबला, आणि इथंच घोळ झाला.

आता पंचमीच्या तोंडावर लेकीच्या सासरी माहेरचं माणूस आलं तर ते कशाला येतं, हे कुणाला सांगायला नको. लेकीला न्यायला माहेरहून जो जातो तो मुराळी, आणि त्याने आणलेलं बोलावणं म्हणजे मूळ. मूळ आल्याशिवाय लेक निघत नाही, आणि दारी आलेलं मूळ परत पाठवणं म्हणजे व्याह्याच्या तोंडात मारल्यासारखं. इतकी वर्षं डबे घेऊन यायची ती कॉलेजातली पोरं. वह्या-पुस्तकं काखेत, त्यांना मुराळी कोण समजणार? या वेळी मात्र दारात एक पोक्त बाई, सोबत गावाकडची पोर, हातात डबा, आणि लेकीला बसवून न्यायला अख्खा ट्रक.

मंजुळाची सासू ओसरीवर डाळ निवडत होती. तिने ट्रक पाहिला, डबा पाहिला आणि सूप खाली ठेवलं. "मूळ आलं म्हणायचं," ती म्हणाली.

"न्हाई वो बाई," भागूबाई म्हणाली, "आमी आपल्या कुरडया..."

बोलता बोलता तिने वर पाहिलं. सासूच्या मागे दारात मंजुळा उभी होती. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात धाकटं लेकरू, पदराला थोरलं. ट्रक येऊन घोटभर पाणी पिण्याइतका वेळही झाला नव्हता, आणि पेटी भरून तयार. दोन वर्षं मंजुळाला मूळ आलं नव्हतं. माहेरी कधी आजारपण, कधी नांगरट. ती पेटी खाटेखाली कधीची भरून पडली होती, ते भागूबाईने एका नजरेत ओळखलं. हातातल्या बांगड्या तिने मोजल्या. उजव्यात दोन, डाव्यात एक.

"...कुरडया घेऊन आलो, अन् मूळ," भागूबाई म्हणाली. "मूळच तर हाय."

झालं. मुराळी उपाशी जात नाही, आणि मुराळ्याला साधं जेवण घालत नाहीत. पुरणाला डाळ शिजायला पडली. पुरण वाटून, पोळ्या होऊन, पंगत उठेपर्यंत दिवस कलला. गुलाबसिंगने अकरा पोळ्या खाल्ल्या आणि ट्रकखाली आडवा होऊन सांगितलं की आता गाडी चालवली तर स्टिअरिंग पोटाला लागंल. मुक्काम पडला.

बुधवारी सकाळी मंजुळाची ओटी भरली, शेजारणी भेटायला आल्या, सगळ्या रडल्या. ट्रक निघाला. थोड्या वेळाने मंजुळा म्हणाली, "मावशी, माहेर त्या अंगाला हाय."

"आधी औरंगाबाद, मंग माहेर," भागूबाई म्हणाली.

मंजुळाने थोडा विचार केला. "चालंल," ती म्हणाली. "दोन वर्सं थांबले, दोन दिवस अजून."

पंचफुला मात्र बोटांवर काहीतरी मोजत होती. बुधवारचं विद्यापीठ बघणं गेलंच होतं. "मावशी," ती म्हणाली, "एका लेकीला बावीस तास लागले. म्होरं अजून एक लेक हाय."

"जालन्याला मी गाडीतून उतरतच न्हाई," भागूबाईने शपथ घेतली.

शपथ तिने पाळलीही. जालन्याला आशाच्या दारात ट्रक थांबला तेव्हा भागूबाई वरूनच ओरडली, "आमी मूळ घेऊन आलो न्हाई. निस्ते पापड हायेत. घ्या अन् आमाला जाऊ द्या."

आशाची सासू लक्ष्मीबाई बाहेर आली. जालन्याच्या त्या आळीत लक्ष्मीबाई खाकरली तरी नळावरची भांडणं थांबायची. तिने पापडांकडे पाहिलं नाही. टाचा उंच करून ट्रकमध्ये पाहिलं. तिथं मंजुळा, पेटी, दोन लेकरं आणि ओटीचा नारळ.

"ही कोण?"

"जिंतूरची मंजुळा. तिला माहेरी..." भागूबाईने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"म्हंजे जिंतूरची सून नेऊन राहिले अन् माही ठेवून राहिले," लक्ष्मीबाई म्हणाली. "काहून? माह्या घरात काय कमी हाय? का माही सून न्यायच्या लायकीची न्हाई? उद्या आळीतल्या बाया काय म्हंतील?"

"तसं न्हाई वो, लक्ष्मीबाई, आमाला उद्या अकराला..."

"आशा, पेटी भर," लक्ष्मीबाईने आत हुकूम सोडला. आशाने पेटी भरली. तिला मात्र भरायला चांगला तासभर लागला, कारण ती दर वर्षी माहेरी जायची आणि या वर्षी आईचं बोलावणं रविवारी येणार होतं. अपमान झालेल्या विहिणीचं जेवण तर साध्या जेवणापेक्षाही मोठं असतं. रात्री निजताना पंचफुला म्हणाली, "साठ किलोमीटर राहिलं. पहाटं निघालो तर आठला पोचतो, मावशी. आता रस्त्यात लेक न्हाई ना कोणती?"

"एकबी न्हाई," भागूबाई म्हणाली. आणि ते खरं होतं. रस्त्यात लेक नव्हती, सासू होती.

गुरुवारी पहाटे निघायच्या वेळी ट्रकपाशी लक्ष्मीबाई उभी. नऊवारी नेसलेली, काखेत बोचकं.

"चिकलठाण्याला माहं माहेर," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "वाटंतच हाय. बावीस वर्सांत मला कोणी मूळ घेऊन आलं न्हाई. भाऊ हाय, पर त्याचं काई मनावर न्हाई. आता गाडी दारात हाय, तर बसते."

गुलाबसिंग म्हणाला, "बाई, मला आता गोदामातून खत भरायचंय. मी इथवरच. म्होरं तुमी मोटरीनं जा."

"खत काय पळून जाऊन राहिलं?" लक्ष्मीबाई म्हणाली, आणि चढायला त्याच्याचकडे हात पुढे केला. गुलाबसिंगने वीस वर्षं ट्रक चालवला होता, घाट पाहिले होते, पोलीस पाहिले होते. त्याने मुकाट्याने हात दिला. बसल्यावर तिला आठवलं की पानपुडा घरी राहिला. मग थोरल्या लेकराला ताप आल्यासारखा वाटला. मग तो नुसता पुरणाचा निघाला. निघेपर्यंत आठ वाजले.

चिकलठाण्याच्या वेशीवर एक माणूस सायकलला दुधाच्या रिकाम्या बरण्या लावून शहराकडून घरी येत होता. "सोन्या," लक्ष्मीबाईने वरून हाक मारली. सायकल बरण्यांसकट आडवी झाली. सोनाजीने बहिणीकडे पाहिलं आणि पागोट्याने डोळे पुसले. "लक्षीबाई? उतर, घरी चल, जेवण..."

जेवण हा शब्द ऐकला आणि पंचफुला, जी तीन दिवस कोणाला उलट बोलली नव्हती, ती उठून उभी राहिली. "मामा, जेवण नको. तुमच्या पाया पडते. जेवण नको."

सोनाजीला काही कळलं नाही. पण बावीस वर्षांनी आलेली बहीण पुन्हा ट्रकातून जातेय एवढं कळलं, आणि त्याने सायकल उचलून ट्रकमध्ये टाकली, मागून स्वतः चढला.

औरंगाबाद आलं. गुलाबसिंगने खिडकीतून मान बाहेर काढली. "मावशी, आता?"

"दरवाजा लागला की उजव्या हाताला," भागूबाई म्हणाली.

दरवाजा लागला, भला थोरला दगडी. ट्रक उजवीकडे वळला. भागूबाईला वाटलं, देव आहे. तेवढ्यात आणखी एक दरवाजा लागला. पुन्हा उजवीकडे. मग तिसरा. ते शहर दरवाज्यांनीच बांधलेलं निघालं. प्रत्येक दरवाज्याला भागूबाई "उजवीकडं" म्हणायची, दर वेळी आवाज थोडा बारीक. शेवटी ट्रक एका पानाच्या ठेल्यासमोर आला. त्या पानवाल्याने हात करून सलाम केला, कारण तो त्यांना दुसऱ्यांदा पाहत होता. कुठल्याशा घड्याळाने अकराचे ठोके दिले.

"मावशी," पंचफुला हळू म्हणाली, "चार येळा उजवीकडं वळलं की माणूस तिथंच येतं."

भागूबाईने पदर तोंडाला लावला. तिला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "मी औरंगाबाद कंदी पाह्यलं न्हाई गं, बाई," ती म्हणाली. "औंढ्याच्या म्होरं गेलेच न्हाई मी. सात वर्सं लोकाच्या लेकराला खोटंनाटं सांगितलं. तुहं नुकसान केलं मी."

मग लक्ष्मीबाई म्हणाली, "सोन्या, तुला ठावं हाय का रं विद्यापीठ?"

"ठावं म्हंजे?" सोनाजी म्हणाला. "रोज सकाळी तिथल्या साहेब लोकाइला दूध घालतो मी."

"मंग बोलला काहून न्हाई?"

"कोणी इचारलंच न्हाई. मला वाटलं, तुमी शहर पाहून राहिले."

साडेअकराला ट्रक विद्यापीठात शिरला. मुलाखतीच्या खोलीबाहेर शिपाई होता. त्याने सांगितलं की पंचफुला किशनराव हे नाव दोनदा पुकारलं आणि कापलं. पंचफुला भिंतीला टेकली. भागूबाईने शिपायाला समजावलं, मंजुळाने समजावलं, लेकरांनी भोकाड पसरलं आणि लक्ष्मीबाई खाकरली. जालन्याचा नळ थांबवणारं ते खाकरणं त्या लांबलचक व्हरांड्यात असं घुमलं की आतले साहेब चष्मा हातात घेऊन बाहेर आले.

त्यांनी पाहिलं. पाच बाया, दोन लेकरं, दोन पेट्या, दूधवाला, त्याची सायकल, आणि बिडी पाठीमागे लपवलेला ड्रायव्हर.

"यात उमेदवार कोण आहे?" त्यांनी विचारलं.

साहेब भले होते. त्यांनी तिला शेवटी घेतो म्हणून सांगितलं आणि घेतलंही. दार उघडंच राहिलं, कारण सगळी जणं त्या दारातच उभी होती. गणिताचं जे काही आत विचारलं गेलं, ते पंचफुलाने फळ्यावर लिहून दाखवलं. बाहेर कोणाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण खडू एकदाही अडला नाही हे सगळ्यांनी पाहिलं. मग साहेबांनी फळ्याकडून मान वळवली.

"गणित उत्तम आहे," ते म्हणाले. "अडचण वेगळी आहे. खेड्यातल्या मुलींना आम्ही जागा देतो. सहा महिन्यांत घरचं कोणीतरी येतं आणि मुलीला घेऊन जातं. जागा वाया जाते. तुमच्याबरोबर तर अख्खं गावच आलंय. उद्या हेच लोक न्यायला आले तर?"

पंचफुलाने खडू खाली ठेवला. हे त्रैराशिकातलं नव्हतं.

भागूबाई दारातून आत आली. चपला तिने बाहेर काढल्या होत्या. "साहेब," ती म्हणाली, "आमच्याकडं लेक एकडाव दिली की मूळ आल्याबिगर हालत न्हाई. ही पोरगी आमी तुमच्या इथं दिली असं समजा. आता जवळ्याहून मूळ घेऊन येणार कोण? मीच. दुसऱ्या कोणाला हे काम जमत न्हाई." ती थांबली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "अन् मला रस्ता ठावं न्हाई. ह्या दूधवाल्याला पुसा. चार दरवाजे फिरून आले मी. मला पुन्यांदा इथं येताच येत न्हाई, साहेब. पोरगी कुठं जात न्हाई."

साहेब हसायला लागले. शेजारचे दोघे हसले, शिपाई हसला. हसता हसता साहेबांनी कापलेलं नाव पुन्हा लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

पंचमीला मंजुळा आणि आशा जवळा बाजारात झोक्यावर होत्या. दोघींच्या आया एकमेकींना विचारत होत्या की मूळ धाडलं कोणी. खत चार दिवस उशिरा आलं म्हणून व्यापारी गुलाबसिंगवर चिडला होता. लक्ष्मीबाई भावाकडे पंधरा दिवस राहिली. भागूबाईचा धंदा बुडाला, पण मंजुळाच्या दोन्ही हातांत तिने डझन डझन बांगड्या भरल्या आणि स्वतः मोजल्या. किशनरावांनी तिला विचारलं, "औरंगाबाद कसं हाय?" ती म्हणाली, "दरवाजे लई हायेत."

भागूबाईचं स्वतःचं माहेर औंढ्याच्या अलीकडेच होतं. अकरा वर्षांची असताना ती जवळ्याला आली. आई-बाप लवकर गेले, भाऊ होता. पहिली काही वर्षं पंचमीच्या आधी ती गठुडं बांधून ओसरीवर बसायची. भाऊ आला नाही. पुढे नवरा गेला, बांगड्यांचा धंदा आला, आणि तिने वाट पाहणं सोडलं. निदान ती तसं सांगायची.

त्यानंतर दोन वर्षांनी, पंचमीच्या आधीच्या बाजारात, गुलाबसिंगचा ट्रक दुकानासमोर थांबला. गुलाबसिंग उतरला तो धुतलेलं धोतर आणि लाल फेटा घालून. हातात नारळ आणि लुगडं. तोंडात बिडी नव्हती. बाजाराला वाटलं, याचं लग्न आहे.

"भागूबाई," तो म्हणाला, "मूळ घेऊन आलो."

"कोणाचं?"

"तुमचं. पंचफुलानं धाडलंय. पास झाली ती, तिकडंच पोरी शिकवायला लागली, खोली केली. म्हने, पंचमीला मावशीनं माहेरी यावं. अन् म्हने, रस्ता गुलाबसिंगला पुसा, मावशीला पुसू नका."

भागूबाईच्या हातात गिऱ्हाइकाचा हात होता. ती तो सोडेना. "भर पंचमीत?" ती म्हणाली. "माह्या पोटावर पाय द्यायला आला काय? काही काळयेळ? दुकान कोण पाहील?"

"मी पाहते," शकुंतलाबाई म्हणाली.

भागूबाईने अर्धवट भरलेल्या बांगड्या भरून पुऱ्या केल्या. मग ती उठली, आणि ज्या गठुड्यावर इतकी वर्षं बसत आली होती, ते उचलून काखेत मारलं.

गुलाबसिंगने गठुड्याकडे पाहिलं. "हे कवा बांधलं?"

"काल," भागूबाई म्हणाली, आणि ट्रकमध्ये चढली.

औरंगाबादेत पंचफुलाला ती गाठ सुटेना. शेवटी कात्रीने कापावी लागली.